शैलेश म्हणता येईपर्यंत

पहिल्या दिवशी समिधाने काशिनाथच्या हातात कोरा कागद दिला. "काका, सगळ्यात आधी जे दहा शब्द बोलावेसे वाटतात ते लिहा."

समिधा मिरजेची. इथे कुवेतमधल्या एका रुग्णालयात ती वाचा-उपचार करते, म्हणजे ज्यांच्या जिभेची किंवा घशाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना पुन्हा बोलायला शिकवते. तिच्याकडचे लोक या कागदावर बायकोचं नाव लिहितात, मुलांची नावं, देवाचं नाव, पाणी, दुखतंय. काशिनाथने एकच शब्द लिहिला. शैलेश.

"मुलगा का तुमचा?" समिधाने हसून विचारलं.

काशिनाथने त्या नावाखाली पेन्सिलीने इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला. बोलण्यासारखी त्याची अवस्था नव्हती, म्हणून उत्तर मी, त्याच्याबरोबर आलेल्या शेजारणीने, दिलं. "मुलगा नाही. त्याचा सुपरवायझर. त्याच्याच गावचा."

काशिनाथ एकोणीस वर्षं कुवेतमध्ये आहे. एसीचे डक्ट, म्हणजे छताखालून हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे, बनवणारा आणि टांगणारा कारागीर. गाव कणकवलीच्या बाजूचं, बायको आनंदी आणि दोन मुली तिकडे. खैतान भागात आमच्या मागच्या गल्लीतल्या इमारतीत, एका खोलीत आठ जण, तसा तो राहायचा. शुक्रवारी आमचा एसी साफ करायला यायचा, तेव्हापासूनची ओळख. येताना जिन्यातूनच "वैनी, चाय टाका" अशी आरोळी. तो आवाज असा की वरच्या मजल्यावरची बाईसुद्धा चहा टाकत असेल.

त्याच आवाजामुळे खोलीतली गाऱ्हाणी त्याच्याकडे होती. कोणी सुट्टीवर गावाला निघालं की देवाच्या तसबिरीसमोर नारळ ठेवायचा, सगळ्यांनी उभं राहायचं आणि काशिनाथने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं. प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. त्यात मागेपुढे चालत नाही. देवासमोर एकदा "व्हय" म्हटलं की त्या माणसाने ते कबूल केलं, असं ही मंडळी मानतात.

डाव्या गालात तंबाखू धरायची त्याची सवय तीस वर्षांची. तिने शेवटी जीभ धरली, कर्करोग झाला. डॉक्टरांनी जिभेचा डावा अर्धा भाग काढला आणि तिथे त्याच्याच मनगटाची कातडी शिवली. कातडी जगली, रंगही धरला तिने, पण कातडीला हलता येत नाही. हलतो तो स्नायू, आणि डाव्या बाजूला स्नायू उरलाच नव्हता.

आता शैलेशने काय केलं ते सांगते.

शस्त्रक्रियेच्या आधी दोन आठवडे शहरातल्या राई भागातल्या एका शोरूममध्ये काशिनाथची टोळी डक्ट टांगत होती. डक्ट ज्या लोखंडी सळ्यांवर लटकतो त्या नकाशाप्रमाणे जवळजवळ लावायच्या होत्या. सळ्या कमी आल्या, उद्घाटनाची तारीख तोंडावर. शैलेश म्हणाला, एक सोडून एक लावा. काशिनाथ नको म्हणाला. शैलेश म्हणाला, "मी बसलंय मा? माझी जबाबदारी." काशिनाथने लावल्या. काशिनाथ रुग्णालयात असताना तो डक्ट खाली आला आणि अशरफ नावाच्या बिहारी मदतनिसाचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

कंपनीचे सुरक्षा अधिकारी बाळासाहेब, साताऱ्याकडचे सरळ गृहस्थ, वॉर्डात चौकशीला आले. काशिनाथच्या नाकात नळी, जीभ सुजून तोंडभर, दोन्ही हातांना सुया. त्याचं बोलणं कळणार कसं? म्हणून बरोबर आणला गाववाला. शैलेश!

"सळ्या किती अंतरावर लावल्या होत्या?" बाळासाहेबांनी विचारलं.

काशिनाथने सांगितलं. सगळं सांगितलं. बाहेर आलं ते फक्त आ, ओ आणि लाळ. शैलेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे ओले केले आणि बाळासाहेबांना म्हणाला, "म्हणतोय, माझ्या हातून राहून गेलं साहेब. घाई झाली. माफ करा म्हणतोय."

काशिनाथ नाही म्हणून मान हलवायला लागला तर शैलेश म्हणाला, "रडू नको रे काश्या. साहेब समजून घेतील."

अहवालात लिहिलं गेलं: दुभाष्याच्या उपस्थितीत तोंडी कबुली. कंपनीने ठरवलं, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द, प्रकृतीला जरा आराम पडला की गावी. त्याच्या हातात अडीच महिने होते. दरम्यान शैलेश खोलीतली गाऱ्हाणीही घालायला लागला.

मी काशिनाथला म्हटलं, तू मराठीत लिहून दे, मी इंग्रजी करते, बाळासाहेबांना नेऊन देते. एका संध्याकाळचं काम. त्याने वही ओढली आणि लिहिलं, "लिवन नको. तेना माझ्या तोंडात घातल्यान. मी तोंडानच भायर काढतलंय. सगळ्यांसमोर." मग जरा थांबून खाली आणखी लिहिलं, "तेचा नाव घेवन."

शहाणपण म्हणाल तर त्यात नव्हतं. पण त्या वॉर्डात काय झालं ते मी त्याच्या वहीत वाचलं होतं, आणि मला त्याचं म्हणणं पटलं.

म्हणून पहिल्या दिवशीच्या त्या कागदावर दुसरं काही आलं नाही. समिधाने फाटका कागद हातात धरून बराच वेळ त्या नावाकडे पाहिलं. "काका, नाव निवडलंत तेही कसं! श, ल, परत श. तिन्हींना जिभेचा शेंडाच लागतो. नुसत्या ओठांनी म्हणता येणारं असतं तर महिन्यात म्हणवून घेतलं असतं."

काशिनाथचे खांदे हलले. शस्त्रक्रियेनंतर तो पहिल्यांदा हसला, ते तेव्हा.

समिधाच्या रुग्णालयात तेव्हा युसरा नावाची एक कुवेती अभियंता मुलगी संशोधन करत होती. माणसाच्या तोंडाची आणि घशाची संगणकात हुबेहूब प्रतिकृती करायची, त्यातला एकेक स्नायू ओढून पाहायचा आणि कोणत्या ओढीला कोणता आवाज निघतो हे शोधायचं. समिधाने काशिनाथला तिच्याकडे नेलं. कागदपत्रं इंग्रजी-अरबीत, म्हणून मीही बरोबर जायचे. दर मंगळवारी आणि गुरुवारी, डब्यात मऊ भात घेऊन.

आधी एमआरआय. त्या नळकांड्यात निजून ई म्हणायचं आणि धरून ठेवायचं, मग आ, मग ऊ, मग जसा जमेल तसा श. गिळायचं नाही. काशिनाथच्या मानेखालचा टॉवेल भिजून जायचा. शिकाऊ तंत्रज्ञाने विचारलं, थांबायचं का? काशिनाथने हात झटकला.

तीन आठवड्यांनी युसराने आपला पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर काशिनाथचं तोंड, मधोमध उभं चिरल्यासारखं. स्नायू रंगीत दोऱ्यांसारखे काढलेले. समिधा बोटाने दाखवत गेली. हनुवटीच्या आतून येणारा हा पिवळा, जीभ पुढे ओढतो. कानामागच्या हाडाकडून येणारा हा निळा, मागे नि वर घेतो. हे बारीक हिरवे जिभेच्या आतलेच, तिला रुंद करतात, निमुळती करतात. उजवीकडे तिन्ही रंग होते. डावीकडे राखाडी गोळा.

युसराने पिवळ्या दोऱ्यासमोरचा आकडा वाढवला. पडद्यावरची जीभ पुढे सरकली, पण वाकडी, डावीकडे ढकलली गेली. घशातून हवा सोडली की संगणक हिशोब करून आवाज काढायचा. तो आला. "है-वे-ह." पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा.

"तुमचं मुलावर फार प्रेम दिसतं," युसरा इंग्रजीत म्हणाली. "सारखं त्याचंच नाव."

समिधाने तिला खरी गोष्ट सांगितली. युसराने ऐकून घेतलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "यल्ला! मग तर नीटच करू."

ल लवकर सापडला. ल म्हणताना जिभेचा शेंडा वर टेकतो आणि हवा बाजूने जाते. काशिनाथची उरलेली उजवी बाजू टेकत होती, आणि डावीकडे हवेला रान मोकळंच होतं. श मात्र अडला. श ला हवा एका अरुंद सापटीतून जोरात दातांवर जायला लागते. युसराने संगणकाला हजारो वेळा वेगवेगळ्या ओढी लावून पाहायला सांगितलं. दोन दिवस तो स्वतःच पाहत होता. त्याने शोधलेल्या पद्धतीने काशिनाथने दहा दिवस सराव केला. संगणक बऱ्यापैकी श म्हणायचा. काशिनाथच्या तोंडून मात्र ह.

युसरा वैतागली. स्नायू तपासले, आकडे तपासले. काशिनाथ पडद्याकडे टक लावून बसला होता. एकदम त्याने पडद्यावरच्या पुढच्या दातांवर बोट ठेवलं, मग तोंडात हात घातला, वरची कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. पुढचे दोन दात आणि गुलाबी टाळूचा तुकडा.

युसराने कपाळावर हात मारला. एमआरआयमध्ये दात दिसत नाहीत. तिने कुठल्याशा साठ्यातले बत्तीस सरळ दात घेऊन प्रतिकृतीत बसवले होते. आणि कवळीला तार, म्हणून एमआरआयच्या वेळी ती काढून ठेवलेली. संगणकातली हवा परक्याच्या दातांवर आपटत होती.

काशिनाथचं मात्र एवढ्यावर भागलं नव्हतं. त्याने वही घेतली आणि डक्ट काढला. एका बाजूने हवा येते, पुढे तोंड अरुंद होतं, आणि डाव्या अंगाला पत्रा खाली बसलेला, तिथून हवा गळते. मग त्याने छताची रेघ डावीकडे खाली ओढून त्या खाली बसलेल्या पत्र्याला भिडवली. बाजूला लिहिलं, "खालचो उठना नाय तर वरचो पत्रो खाली घेवा." मला वाटतं त्या खोलीत हवेची भाषा त्याच्याइतकी कोणाला कळत नव्हती. एकोणीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं?

समिधा खुर्चीतून उठली. "काका, असं करतात! कवळीची टाळू जाड करून खाली आणतात, म्हणजे जिभेला उठावं लागत नाही. पण आम्ही मेण लावून अंदाजाने करतो, महिने जातात." ती युसराकडे वळली. "हिचं गणित जाडी सांगू शकेल."

गणिताने सांगितली. डावीकडे पाच मिलिमीटर, पुढे निमुळती होत दोन. काशिनाथच्या खऱ्या दातांचा ठसा घेऊन प्रतिकृतीत बसवला, टाळू उतरवली, आणि युसराने कळ दाबली.

"शैलेश," संगणक म्हणाला.

स्वच्छ. काशिनाथ उभाच राहिला. बोटाने खूण केली, परत. "शैलेश." परत. युसराने बारा वेळा तरी लावलं असेल. तो हात मागे बांधून, मान किंचित तिरकी करून ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही.

नवी कवळी आली तेव्हा जायला सव्वीस दिवस होते. समिधाने त्याला प्रतिकृतीतले स्नायू दाखवत शिकवलं, कुठला ओढायचा, कुठला सोडायचा. शब्द ताणून म्हणा, काका, घाई केली की गळती सुरू होते. तो इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मागे जाऊन सराव करायचा. खोलीत तोंड उघडायचा नाही. आठ दिवसांत मला "वैनी" ऐकू आलं. पंधराव्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून त्याने ते नाव घेतलं. जाड होतं, जरा ओलं होतं, पण कोणी दुसरं काही समजलं नसतं. मी चहा टाकला.

"आता बाळासाहेबांकडे जाऊ या," मी म्हटलं.

"थय नाय," तो म्हणाला. "थय तो परत बोलात. म्हणात, काश्याक बरा नाय. माजो नारळ ठेवतत मा शुक्रवारी? थय."

गावी निघालेल्याचा नारळ. त्या दिवशी खोलीत जेवण असतं, कंपनीतल्या साहेबाला बोलावतात. बाळासाहेबांना त्याने माझ्याकरवी निरोप दिला. मलाही बोलावलं, समिधालाही. मी सोलकढी आणि काळ्या वाटाण्याची आमटी करून नेली. मला त्याचा बेत कळला होता, आणि मी कोणाला सांगितला नाही.

शुक्रवारी दुपारी त्या खोलीत लोखंडी पलंग भिंतीला सरकवून जागा केली होती. अकरा-बारा माणसं. शैलेश इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा. त्याने नारळ हातात घेतला. "आज आपलो काशिनाथ जाता..." असं म्हणतोय तोवर काशिनाथने त्याच्या हातातून नारळ काढून घेतला आणि तसबिरीसमोर ठेवला. मंडळींना वाटलं, आपल्या हाताने ठेवायचा असेल. मग तो वळला नाही. देवाकडे तोंड करूनच उभा राहिला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

तीन महिन्यांत त्यांनी त्याचं अक्षर ऐकलं नव्हतं. मग कोणाचा तरी हुंदका आणि त्यातूनच, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्या परमुलखात तुजी लेकरां तुज्यासमोर उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक शब्द ताणलेला, संथ. गाऱ्हाण्याची चालच तशी, समिधाला हवी होती अगदी तशी. ती माझ्या शेजारी ओठ हलवत होती, जणू त्याचे स्नायू तीच ओढतेय.

"तेंका सुखी ठेव, तेंची घरादारां सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज चढला होता, लय धरली होती. शैलेशही म्हणत होता. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

"राईच्या कामार डक्ट पडलो, अशरफाचो पाय मोडलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सळये एक सोडून एक लावले म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तसे लावा म्हणान सांगणारो ह्यो शैलेश म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी तोंडं एकदम. मी शैलेशकडेच पाहत होते, दुसरीकडे पाहायला आलेच नव्हते. त्याचंही तोंड उघडलं होतं. तोही म्हणाला. पूर्ण म्हणाला. शेवटच्या अक्षरावर त्याला कळलं आणि त्याने ओठ मिटले, पण आवाज खोलीत गेला होता.

काशिनाथने नारळ फोडला. मग सावकाश वळला.

"हे... हे काय चाललंय?" शैलेश म्हणाला. "साहेब, ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. गाऱ्हाण्यात काय पण बोलतो."

"म्हणजे 'व्हय' तुम्ही उगाच म्हणालात?" बाळासाहेबांनी विचारलं. "सवयीने म्हटलं असेल तर तसं सांगा. मी त्याला पुरावा धरणार नाही."

शैलेश तसबिरीकडेच पाहत राहिला. त्याच्यामागे टोळीतले दोघं उभे होते, राईच्या कामावरचे. सुट्ट्यांच्या याद्या शैलेश करतो, म्हणून इतके महिने गप्प बसलेले. त्यातला थोरला खाली बघत म्हणाला, "साहेब, मी देवासमोर व्हय म्हटलंय. आता नाय म्हणाक जमाचा नाय. तेनाच सांगल्यान. मी थय होतंय." दुसऱ्याने नुसती मान हलवली.

सोलकढी कोणी प्यायली नाही. काशिनाथ मात्र पानावर बसला आणि दोनदा भात घेऊन जेवला.

रविवारी त्या दोघांचे जबाब झाले. मंगळवारी काशिनाथचा, हिंदीत, त्याच्या स्वतःच्या तोंडून, दुभाष्याशिवाय. अहवाल बदलला. शैलेशचं सुपरवायझरपण गेलं, त्याला सुलैबियाच्या गोदामात पत्रे मोजायला टाकलं. बाळासाहेब काशिनाथला म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झाला. इकामा परत चालू करायचा प्रयत्न करू. आणखी काही हवं का?"

"एक आसा," काशिनाथ म्हणाला. "अशरफाक तेना सोता सांगूचा. मी समोर बसतलंय."

बाळासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "झालं की आता सगळं. हे कशाला?" मी म्हटलं, त्याने मागितलंय ते द्या.

बुधवारी दुपारी आम्ही अशरफच्या वॉर्डात गेलो. त्याच्या पायातून बाहेर आलेले खिळे चौकटीला बांधलेले, आजूबाजूला पाच खाटा, सगळी कामगार माणसं. इतके दिवस अशरफ काशिनाथचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवायचा. आज तो शैलेशकडे बघत होता. काशिनाथने लोखंडी स्टूल ओढलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसला. मी दारात, हातात डबा.

शैलेश चपलेकडे बघत भरभर पुटपुटला, "वो डक्ट का... सळी कम लगाने को मैंने बोला था। काशिनाथ की गलती नहीं थी।"

"आयकाक येवक नाय," काशिनाथ म्हणाला. "परत सांग."

शैलेशने परत सांगितलं. जरा मोठ्याने.

"त्या खाटयेर आयकाक गेला नाय."

शैलेशचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा त्याने मान वर करून सांगितलं, आणि पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा पठाण उठून बसला. नर्स दारापर्यंत येऊन थांबली.

"बस, काशीभाई," अशरफ हळूच म्हणाला. "समझ गया मैं। जाने दो।"

काशिनाथने त्याच्या पायावरच्या चादरीची घडी सारखी केली. त्याच्याकडे बघून मायेने हसलाही. मग स्टूलवर नीट टेकून बसला, नवी कवळी जिभेने वर दाबून बसवली आणि एकेक अक्षर मोकळं करत म्हणाला, "शैलेश. अजून एकदा."

शैलेशने माझ्याकडे पाहिलं. बाईमाणूस आहे, मध्ये पडेल, असं वाटलं असावं त्याला. मी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि दारातच उभी राहिले.

त्याने चौथ्यांदा सुरुवात केली.